रमी वेगळी आणि बहीण-भावाचा डाव वेगळा

भाऊबीजेला दौंडहून बहीण आली, सोबत दाजी आणि भाची. दिवस मावळायच्या आत वस्तीवर पोचायचं म्हणून दाजींनी चौफुल्याला चहालाही गाडी थांबवली नाही. न्हावरा सोडलं की दोन्ही बाजूंनी ऊस, आणि ऊस म्हटलं की आमच्या तालुक्यात सध्या एकच गोष्ट डोक्यात येते. १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५, तीन आठवडे. तेवढ्यात पिंपरखेड-जांबूत पट्ट्यात बिबट्यानं तीन जीव घेतले, त्यातली दोन लेकरं. बातम्या मीही दिल्यात, जास्त लिहीत नाही. हात जड होतो.

सांगायचं ते हे, की संध्याकाळी सहानंतर आमच्याकडे पोरं घरात कोंडलेली असतात. बारकीच नाही, मिशा फुटलेलीसुद्धा. भाऊबीजेच्या संध्याकाळी माझा अठराचा पोरगा आणि त्याची विशीतली आतेबहीण टीव्हीला जुना लॅपटॉप जोडून बसली. हातात एकेक कंट्रोलर, पडद्याचे दोन भाग. मी मनात म्हटलं, झालं, आता धाडधाड गोळ्या सुरू. पण आवाज आला तो वेगळाच.

"थांब ना दाद्या, पाळी माझी आहे."

मी जवळ गेलो. म्हटलं, काय चाललंय? भाची म्हणाली, "मामा, नगरसेवकाचा खून झालाय. तपासाला आम्हाला पाठवलंय."

पत्रकाराचे कान टवकारले नाहीत तर नवल.

गेमचं नाव 'डिव्हिनिटी ओरिजिनल सिन'. बेल्जियमच्या लॅरियन नावाच्या कंपनीनं २०१४ मध्ये काढलेला. जादू, राक्षस, सापळे, जुनं बंदर, असा सगळा अद्भुत कारभार. त्याच कंपनीचा २०२३ चा 'बाल्डर्स गेट ३' जगभर गाजला, तो चौघांना मिळून खेळता येतो. हा जुना गेम एका घरात दोघांना, आणि साध्या मशीनवर चालतो म्हणून आमच्या पोराला परवडला.

यात लढाई पाळीनं होते. पडद्याच्या वरच्या बाजूला रांग दिसते: आधी कोण, मग कोण, शत्रूचा नंबर कितवा. ज्याची पाळी त्यानं चालायचं, मारायचं किंवा मंत्र टाकायचा. प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण खर्ची पडतात, उरले तर पुढच्या पाळीला वापरता येतात. मला पहिल्यांदा आठवली ती शेजपाळी. पाटाला पाणी सुटलं की कुणाचं रान कधी भिजणार याचा कागद असतो. असतो म्हणे. आम्ही टेलवाले, आम्हाला तो फार कमी वेळा दिसला. दौंडकरांना तर सांगायलाच नको, खडकवासल्याच्या कालव्यात पुण्याचं भागून जे उरेल त्यावर त्यांचा ऊस. इथं मात्र पाळीपत्रक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेलं, आणि मध्येच घुसून दार उचलणारा कुणी नाही.

दुसरं म्हणजे आपला माणूस आपल्याच हातून भाजतो. जमिनीवर तेल सांडलेलं असलं आणि तुम्ही आगीचा मंत्र टाकलात, की शेजारी उभा असलेला जोडीदारही पेटतो. ओल्या जमिनीवर वीज पाडली तर जो जो भिजलाय त्या सगळ्यांना झटका. पाऊस पाडला तर आग विझते. म्हणून ही दोघं दर पाळीला बोलत होती. "तू आधी मागं सरक, मग मी पेटवतो." "नको, माझ्याकडं पाऊस आहे, तो शेवटी ठेवू." इंग्रजी वाक्यं भाची मोठ्यानं वाचायची आणि जागच्या जागी मराठी करायची, तीही आमच्या बाजूची. गेममध्ये मराठी नाही, पण तिथला गुत्तेवाला माझ्या घरात अस्सल शिरूरी बोलत होता.

किनाऱ्यावर एक बोलका शिंपला सापडला. तो म्हणतो, मला परत समुद्रात टाका. पोरगा म्हणाला पिशवीत ठेव, विकू. भाची म्हणाली टाक. एकमत होईना, तर गेमनं काय करावं? दोघांना दगड-कागद-कात्री खेळायला लावली. भाची जिंकली, शिंपला पाण्यात गेला. पोरगा पाच मिनिटं फुगला आणि मग पुढच्या लढाईत तिलाच वाचवायला धावला. मी आणि बहीण एकमेकांकडं बघत होतो. आमच्यातला शेताच्या बांधाचा वाद मिटायला अकरा वर्षं लागली. असो, तो विषय वेगळा.

आता माझी चूक सांगतो. 'गेमच्या नादानं तरुण कर्जबाजारी' अशा मथळ्याच्या बातम्या मी किमान डझनभर दिल्यात. एकाही बातमीत कोणता गेम ते नीट लिहिलं नाही. एमआयडीसीत कंत्राटावर राबणारा पोरगा पगाराच्या रात्री मोबाइलवर पैसे लावून पत्ते खेळतो, ॲपवरून उधारी काढतो, घरी खोटं बोलतो. तो जुगार होता. मी त्याला गेम म्हणालो. आणि ज्या अंकात आतल्या पानावर माझी बातमी, त्याच अंकात पुढं रमीची रंगीत जाहिरात. मी तेव्हा गप्प बसलो, जाहिरातीवर आमचंही घर चालतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं हा फरक कागदावर स्पष्ट केलाय: ई-स्पोर्ट्स वेगळे, करमणुकीचे खेळ वेगळे आणि पैसे लावून खेळायचे खेळ वेगळे. तिसऱ्यावर बंदी. तसा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. खेळून बुडालेल्याला शिक्षा नाही, हे बरं केलं. त्याच्या महिनाभर आधी विधिमंडळाच्या सभागृहातला तेव्हाच्या कृषिमंत्र्यांचा पत्त्यांच्या खेळाचा व्हिडिओ गाजला होता. ते म्हणाले, खेळत नव्हतो. खातं मात्र बदललं, आणि मिळालं ते क्रीडा. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही हसून घ्या.

कायद्याला फरक कळला, गावाला अजून कळायचाय. परवा पालकांच्या बैठकीत ठरत होतं, की घरातले सगळे गेम बंद. टाळ्याही पडल्या. मी उठून म्हटलं, रमीचं ॲप काढा, मी स्वतः सोबत येतो. पण संध्याकाळी सहाला दार लावून घेतलेल्या पोरानं करायचं काय? मैदानावर जाऊ देत नाही, बरोबरच आहे. एसटीनं तालुक्याला जाऊन रात्री परत येऊ देत नाही, तेही बरोबर. मग त्याच्या हातात फक्त रील उरतं, एकट्याचं, पांघरुणातलं. त्यापेक्षा दोघं-चौघं एका खोलीत बसून बोलत, भांडत, पाळी सांभाळत खेळत असतील तर मला ते चालेल.

लगेच कुणी म्हणेल, पत्रकाराला पोराचं कौतुक. कौतुक आहेच, पण डोळे उघडे आहेत. हे गेम सतरा वर्षांवरच्यांसाठी आहेत, बारक्यांना देऊ नका. रक्तपात आहे, आणि 'बाल्डर्स गेट'मध्ये तर इतरही मोठ्यांचं बरंच काही. वेळ भरपूर खातात. एक गेम संपायला कित्येक रात्री जातात. फायदा एवढाच, की पाळीचा खेळ थांबतो. जेवायला हाक मारली की कंट्रोलर खाली ठेवता येतो, राक्षस बिचारा उभा राहतो. गोळीबाराच्या गेमसारखं "आई, पॉज होत नाही" हे ऐकावं लागत नाही. शेतकऱ्याच्या घरात ही मोठी सोय आहे. मोटारीची लाइट आली की उठावंच लागतं, आणि ती येते कधी? आठवड्याच्या पाळीत रात्रीच्या वेळी. बिबट्याच्या भागात शेतीला कायम दिवसाच लाइट द्या, ही मागणी आपण सगळ्यांनी लावून धरायची आहेच, ती गेमपेक्षा शंभरपट महत्त्वाची.

येत्या ग्रामसभेत मी एक विषय देणार आहे. आपल्या अभ्यासिकेची एक खोली संध्याकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायची, पोरांना टोळीनं आणायचं-सोडायचं, काम मोठ्यांनी वाटून घ्यायचं. तिथं कॅरम ठेवा, बुद्धिबळ ठेवा, आणि एका कोपऱ्यात असा एखादा कॉम्प्युटरही ठेवा. पैसे लावायचा खेळ त्या खोलीत नाही, हे दारावर लिहा. कुणाकडं पडून असलेला टीव्ही असेल तर कळवा. विरोध असेल तर तोही इथं खाली लिहा, पण सभेला या.

भाची दुसऱ्या दिवशी दौंडला गेली. तिला पुण्याची सकाळची गाडी धरायची होती. पोरानं तेव्हापासून तो गेम उघडलेला नाही. लढाईच्या मध्यातच सेव्ह करून ठेवलाय. मी म्हटलं, अरे, तिच्या वाटचं मी खेळतो की. तो म्हणाला, "पप्पा, राहू द्या, तुम्ही सगळं पेटवून द्याल."