शिवी म्हणजे उत्तर नव्हे!



कुणकेश्वरच्या रस्त्यावर 'कसो आसस?' विचारणारा माणूस व्हॉट्सॲप ग्रुपवर आरक्षणाचा विषय निघाला की थेट जातीवर घसरतो. आणि आपली पोरं? आई-बहिणीवरून उत्तर देतात. मग आरक्षण राहते बाजूला, 'यांची भाषा बघा' एवढीच चर्चा उरते. यात फायदा कोणाचा झाला?

1936 मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने रद्द केलेले भाषण बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' म्हणून स्वतः छापले. गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. 1937 च्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीकाही छापली आणि तिला उत्तर जोडले. ते उत्तर मवाळ नव्हते, पण त्यात शिवी नव्हती. पुरावा हाताशी असलेल्याला विरोधकाचे तोंड बंद करावे लागत नाही.

म्हणजे अपमान गिळायचा का? मुळीच नाही. जातिवाचक शिवी आली तर स्क्रीनशॉट ठेवा, 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करा. तो वाद नाही, गुन्हा आहे.

पण आपल्याच नेत्याला प्रश्न विचारणाऱ्या भीमसैनिकाला 'दलाल' ठरवून ग्रुपबाहेर काढणारे कोण? राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. दुसऱ्यांना 'भक्त' म्हणून हिणवणाऱ्या आपण तो इशारा आधी स्वतःला लावावा. सम्यक वाणी फक्त वंदनेपुरती नाही, कमेंट टाकतानाही पाळायची असते.

जयभीम!