कापराचा संगतिगुण

आरती आटोपली की तबकाला धरलेली कापराची काजळी आम्ही घासून टाकतो. त्याच कापरापासून २००३ साली जपानात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी केसाच्या सहस्रांशाहूनही बारीक अशा कार्बनच्या नळ्या सिद्ध केल्या. हवा वर्ज्य करून, सुमारे ९०० अंश उष्णतेत, कापराची वाफ लोखंडाच्या सूक्ष्म कणांवर खेळविली, एवढेच. उघड्यावर काजळी, लोहासंगे नळी. संगतिगुण म्हणतात तो हाच!

आमच्या नाशिकच्या द्राक्षबागांत छाटणीच्या काड्या पुष्कळ ठिकाणी जाळल्या जातात. त्यांतही कार्बन आहेच. राख व प्राणवायू अधिक असल्याने त्यांचा मार्ग कापराहून बिकट खरा. तथापि त्या ढिगाला आग लावण्यापूर्वी आमच्या तरुण रसायनज्ञांनी त्यांतली एक मूठ भट्टीत घालून पाहावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.