अब्बांच्या कानातली शिट्टी

ईशाची नमाज झाली, घर शांत झालं, की अब्बांच्या कानात शिट्टी सुरू होते. घरचे म्हणतात, ‘वय झालं, भास होतो.’ असं बोलून त्यांना गप्प करू नका.

कान नुसता ऐकत नाही, आवाजही करतो. १९४८ साली थॉमस गोल्ड यांनी तसा अंदाज मांडला, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवून तो आवाज टिपला. आतल्या कानातल्या काही केसपेशी आलेल्या आवाजाला जोर देण्यासाठी आखडतात, लांबतात; त्यातून हा नाद उमटतो. नवजात बाळाचा कान आज यावरूनच तपासतात, तेही बाळ झोपेत असताना.

अब्बांची शिट्टी मात्र बहुधा वेगळी. हा नाद सहसा ज्याचा त्यालाही ऐकू येत नाही. वयाने किंवा गोंगाटाने केसपेशी झिजल्या, की कमी पडलेला आवाज मेंदूच भरून काढतो, असं मानतात. म्हणून आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. कानात गरम तेल नको. एकाच कानात वाजत असेल, किंवा नाडीसारखे ठोके पडत असतील, तर कानाच्या डॉक्टरांकडे लवकर न्या. तोवर रात्री पंखा चालू ठेवा, त्याच्या आवाजात शिट्टी थोडी दबते.