पोलादी शाफ्ट घ्यावे कीं न घ्यावे?

रेडिओनें चालणाऱ्या मोटारगाड्यांचा शौक ज्या घरांत शिरला आहे, तेथें एक वाद हटकून उपस्थित होतो. मागचें चाक फिरेनासें होतें, चाकास जोर पोंचविणारा शाफ्ट पिळवटून तुटलेला आढळतो, आणि चिरंजीव पोलादी शाफ्टांची मागणी वडिलांपुढें ठेवतात. ‘खेळण्याला पोलाद कशाला?’ हा वडिलांचा प्रश्न आम्हांस मुळींच गैरवाजवी वाटत नाहीं. मात्र त्याचें उत्तर गाडी उघडून द्यावें, आवाज चढवून नव्हे.

टेक्सासमधील ट्रॅक्सस कंपनीनें २००८ सालीं काढलेली ‘स्लॅश’ ही एकदशांश आकाराची गाडी उदाहरणादाखल घेऊं. तिच्या, केवळ मागील चाकांस जोर देणाऱ्या प्रकारांत मूळ शाफ्ट प्लॅस्टिकचे असून त्यांचा एक भाग दुसऱ्यांत सरकतो. त्यामुळें चाक वरखालीं झालें तरी शाफ्टाची लांबी आपोआप कमीअधिक होते. योजना सुबक आहे, व मूळच्या मोटारीस ती पुरेशी आहे. परंतु ७.४ व्होल्टांच्या बॅटरीऐवजीं ११.१ व्होल्टांची बॅटरी आणि ब्रशविरहित मोटार बसविली कीं हाच सरकता भाग प्रथम दगा देतो.

तरीहि पैसे मोजण्यापूर्वीं गाडींतील घसरता क्लच पाहावा. त्याची स्प्रिंग पूर्ण दाबली जाईपर्यंत नट आवळून मग सुमारें अर्धा फेरा सैल करावा. अनेक तरुण हा नट घट्टच ठेवतात, आणि उडीनंतर चाक जमिनीस टेकतांना बसणारा सारा हिसका शाफ्टावर घेतात. या दुरुस्तीस एक पैहि लागत नाहीं.

बाजारांत पोलादी शाफ्टांस ‘सी. व्ही. डी.’, म्हणजे समवेगी, असें भारदस्त नांव आहे. त्याला आम्ही अर्धेंच मानतों. बहुतेकांत चाकाकडील सांधा हा आडव्या खिळीचा, म्हणजे सतराव्या शतकांतील रॉबर्ट हुक यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या सांध्याच्याच जातीचा असतो. असा सांधा ३० अंशांत वांकला असतां एका बाजूची गति स्थिर असूनहि दुसरीची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हेलकावते. मागील चाकांकडे कोन लहान असल्यानें तें जाणवत नाहीं. वळणाऱ्या पुढील चाकांस जोर असलेल्या गाडींत मात्र थरथर स्पष्ट कळते.

बसविण्याचें काम कठीण नाहीं, धीराचें आहे. चाकाचा नट, षट्कोनी तुकडा व त्यामागील बारीक खीळ काढून ताटलींत ठेवावी. ही खीळ सतरंजीवर पडली कीं सारें घर रांगूं लागतें. नव्या सांध्याची आडवी खीळ ज्या इवल्या स्क्रूनें धरलेली असते, त्याचें तेल स्पिरिटानें पुसून थ्रेडलॉकचा एकच थेंब लावावा. तो सुटला तर खीळ धांवतां धांवतां निघून जाते. हें द्रव्य कांहीं प्लॅस्टिकांस तडे पाडतें, म्हणून आसपास सांडूं देऊं नये. वंगण अगदीं थोडें द्यावें, कारण त्याला वाळू चिकटते.

मग चाक हातानें पूर्ण वर दाबून फिरवावें; शाफ्ट कोठेंहि अडतां कामा नये. पूर्ण खालीं सोडल्यावर टोक कपांतून निसटतां कामा नये. आम्ही दोन्ही कसोट्या दोन्ही बाजूंनीं घेतल्याखेरीज बॅटरी जोडूं देत नाहीं.

एक गोष्ट वडिलांनीं आधींच ऐकून ठेवावी. शाफ्ट तुटेनासा झाला म्हणजे धक्का नाहींसा होत नाहीं. तो गिअरपेटींतील दांत्यांवर जातो, आणि ती पेटी उघडणें हें शाफ्ट बदलण्याहून पुष्कळ किचकट. म्हणून मूळ मोटारीवर अंगणांत फिरणाऱ्या गाडीस आम्ही प्लॅस्टिकचाच जादा जोड घेण्यास सांगतों. जोरदार मोटार आधींच बसली असेल तर पोलाद द्यावें, आणि काढलेले जुने शाफ्ट मोडके नसल्यास डब्यांत जपून ठेवावे.