बलोपासनेच्या नावाखाली

बंगळूरसारख्या शहरात रोज तीन-तीन तास जिममध्ये घालवूनही 'मी काडीपैलवानच राहिलो' या खंतीने झुरणाऱ्या तरुणांविषयी कोणी काळजी व्यक्त केली, की आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी समर्थांचे मारुती, गावोगावच्या तालमी आणि औंधच्या पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार यांचे दाखले पुढे करतात, आणि बलोपासनेला रोग ठरविण्याचा हा पाश्चात्त्य कावा आहे, असा फैसला देऊन मोकळी होतात. खुद्द बंगळुरात के. व्ही. अय्यर यांनी हर्क्युलिस व्यायामशाळा चालविली आणि १९३० साली 'मसल कल्ट' हा ग्रंथ लिहिला, हे ध्यानात घेता हा पूर्वपक्ष दुबळा नाही.

परंतु ही परंपरा आक्षेपकांच्याच विरुद्ध साक्ष देते. तालमीतल्या गड्याच्या ताकदीचा निवाडा आखाड्यात, कोणाच्या पाठीला माती लागली यावर होई, आणि निकाल लागला की तो अंग पुसून घरी जाऊन पोटभर जेवी. आपल्या या तरुणाचा निवाडा करणारा एकटा आरसा, आणि त्याच्यापुढे त्याची कधीच जीत होत नाही. कोरमंगलातल्या पीजीच्या खोलीत तो चिकनचा तुकडा न् तुकडा काट्यावर तोलतो. दंड भरदार दिसावेत म्हणून ऐन एप्रिलात शर्टाखाली दुसरा शर्ट चढवितो. खांदा दुखावला तरी खाडा करीत नाही. आणि व्यायाम चुकेल, पंगतीत काय वाढतील याचा भरवसा नाही, म्हणून सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही जात नाही. ही उपासना नव्हे, सक्तमजुरी आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, हा नुसता नखरा. बापाने चार शब्द सुनावले की उतरेल. नखरेल माणूस स्वतःवर खूष असतो. हा स्वतःला लाजतो. हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली १०८ पुरुष शरीरसौष्ठवपटूंची पाहणी करून, पिळदार असूनही स्वतःला कृश समजणाऱ्यांची ही अवस्था नोंदविली, आणि २०१३ च्या अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात तिला मंत्रचळाच्या गटात, देहरूपविकाराखाली स्थान मिळाले. याच लाजेपोटी कित्येक जण डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून मिळविलेली स्टेरॉइडे टोचून घेतात; त्याने स्नायू फुगतात खरे, पण शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन मंदावते, वृषणे आक्रसतात आणि हृदयाची भिंत जाडावते. अशा माणसाला बापाचे चार शब्द काय उतारा देणार?

उतारा आहे, आणि तो याच शहरात आहे. होसूर रोडवरील निम्हान्स या मानसोपचार संस्थेत मंत्रचळासाठी स्वतंत्र उपचारकेंद्र चालते. देहरूपविकारावर सेरोटोनिनशी निगडित औषधे देतात, आणि जोडीला वर्तनोपचार करतात: आरशापुढचा वेळ बांधून देणे, व्यायामाचा खाडा मुद्दाम करविणे, एकच शर्ट घालून चारचौघांत जायला लावणे. गुण यायला बरेच आठवडे लागतात. तेवढ्या मुदतीत घरच्यांनी त्याच्या दंडांविषयी बरे किंवा वाईट, एक अक्षरही बोलू नये.