ग्रंथ म्हणजे माल नव्हे

टपालकचेरीच्या खिडकीपाशीं आपण एक पुडकें पुढें करतों. कारकून त्यावरील पत्ता पाहतो, पुडकें तराजूवर ठेवतो आणि विचारतो, "आंत काय आहे?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरावर पुडक्याचा वर्ग, वर्गावर दर आणि दरावर तें पाठवावयाचें कीं घरीं परत न्यावयाचें हें अवलंबून असतें. सरकारच्या विद्याप्रेमाची खरी परीक्षा ग्रंथमहोत्सवांतील भाषणांत होत नाहीं. ती या खिडकीपाशीं होते, आणि अलीकडे सरकार तींत उत्तीर्ण झालें असें आमच्यानें म्हणवत नाहीं.

१८९८ च्या टपाल कायद्याच्या परिशिष्टांत पत्र, कार्ड, पुस्तकाचें पुडकें आणि पार्सल यांचे वर्ग निरनिराळे केलेले होते. पुस्तकाचें पुडकें टोकांस उघडें ठेवावयाचें, म्हणजे आंत ग्रंथच आहे हें तपासतां यावें, आणि त्याच्या मोबदल्यांत दरांत सवलत घ्यावयाची, अशी ती सरळ व्यवस्था होती. ग्रंथ हा माल नव्हे, एवढें तत्त्व परक्या राज्यकर्त्यांसही उमगलें होतें. पुढें २०२३ चा कायदा जून २०२४ मध्यें अमलांत आला, दर ठरविण्याचा अधिकार टपालसेवेच्या महासंचालकांकडे गेला, आणि त्याच वर्षीं १८ डिसेंबर रोजीं नोंदणीकृत ग्रंथटपाल एकाएकीं बंद झालें.

या निर्णयाचा अर्थ धाराशिव जिल्ह्यांत येऊन पाहावा. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. सरकारी शिक्षणांत उर्दूचें प्राबल्य होतें आणि मराठी ग्रंथ बव्हंशीं सरहद्दीपलीकडून यावयाचा. आज सरहद्द नाहीं. जानेवारी २०२० मध्यें ९३ वें मराठी साहित्य संमेलन याच शहरीं भरलें. तरी परांडा, भूम, लोहारा येथील वाचकास हवें तें पुस्तक अजून पुण्यामुंबईहूनच मागवावें लागतें. सवलत बंद असतां उमरग्याकडील आमच्या एका विद्यार्थ्यानें असें एक पुस्तक मागविलें, तेव्हां किमतीच्या निम्म्याइतका खर्च पाठवणीचा झाला. दुसरें पुस्तक त्यानें मागविलें नाहीं.

१ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झालें आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, शिवाय कर; पुडकें कोठवर पोंचलें हेंही कळतें. याचें आम्ही मनापासून स्वागत करतों. परंतु जें एका दिवसांत काढून घेतां येतें आणि चार महिन्यांहून अधिक काळ देतां येत नाहीं, तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी होय. शिवाय व्यापारी स्वरूपाच्या अथवा जाहिराती असलेल्या छापील साहित्यास ही सवलत नाहीं. किरकोळ सूचना व ग्रंथसूची मात्र चालतात. किरकोळ म्हणजे किती, हा वाद अखेर खिडकीवरील कारकुनाच्या गळ्यांत पडणार.

कोणी म्हणतील, टपाल खातें तोट्यांत आहे, त्यानें धर्मादाय किती चालवावा? आमचें उत्तर असें कीं, नफ्याच्या वाटेनें जाण्यास खासगी कुरिअर समर्थ आहेत. जेथें नफा नाहीं त्या वस्तीवरही पोस्टमन जातो, म्हणूनच हें खातें सरकारनें चालवावयाचें. शाळा आणि वाचनालयें यांचा जमाखर्च जो कोणी नफ्यातोट्यानें मांडीत नाहीं, त्यानें ग्रंथटपालाचा तरी कां मांडावा?

आमचें मागणें थोडें आहे. ग्रंथाच्या सवलतीस संसदेच्या कायद्यांत पुनः स्थान मिळावें. दर बदलावयाचा झाल्यास प्रकाशक व वाचनालयें यांस आधीं कळवावें. आणि मुद्रकाचें वा प्रकाशकाचें नांव असलेलें बांधीव पुस्तक हें पुस्तकच समजावें, असा स्पष्ट नियम प्रत्येक खिडकीवर लावावा. मग "आंत काय आहे?" या प्रश्नाला "पुस्तक" एवढें उत्तर परांड्याच्या वाचकासही पुरेल.