देणे की सोडत?

म्हाडाच्या घरांची सोडत निघते तेव्हा सामान्य अर्जदार कुलदेवतेला नवस बोलतो. उत्पन्नाची मर्यादा, अधिवासाचा दाखला, अनामत रक्कम अशा सर्व पायऱ्या चढूनही अखेरचा कौल नशिबाचा, हे त्याने स्वीकारलेले असते. घरे थोडी आणि इच्छुक अनंत, अशा वेळी सोडत वशिल्यापेक्षा केव्हाही बरी. परंतु गिरणी कामगारालाही त्याच नशिबाच्या स्वाधीन करणे कितपत न्याय्य आहे?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरविले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जमिनीवर गिरणी उभी होती, ती हिशेबातून अलगद वगळली गेली! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरविली. कामगारांच्या घरांना जागा अपुरी पडली ती अशी.

२०१२ मध्ये ६,९२५, २०१६ मध्ये २,६३४ आणि २०२० मध्ये ३,८९४ घरांची सोडत निघाली. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात. त्यातच १९८२ च्या प्रारंभी वा त्यानंतर गिरणीत नोकरीस असल्याचा पुरावा हवा. ज्या गिरणीची चिमणीही आज उरलेली नाही, तिच्या हजेरीपटाचा उतारा कोकणात वा घाटावर परतलेल्या वृद्धाने आणावा कोठून? कित्येक अर्जांमागे आता विधवा वा मुलगा उभा आहे.

मुळात हे घर बक्षीस नव्हे, देणे आहे. देणे फेडताना धनकोंच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या जात नाहीत. ज्याचे आधीचे, त्याला आधी मिळते. जन्मतारीख आणि नोकरीची वर्षे पाहून क्रमवारी लावणे शासनयंत्रणेला अशक्य खासच नव्हते. उलट मार्च २०२५ च्या शासननिर्णयाने शेलू-वांगणीचे घर नाकारणाऱ्याचा हक्कच संपुष्टात आणू पाहिला. जुलैमध्ये कामगार आझाद मैदानावर जमले, तेव्हा कोठे ते कलम रद्द करण्याचे आश्वासन मिळाले.

यापुढील घरे तरी पंचाहत्तरी ओलांडलेल्या कामगारांना आणि विधवांना प्रथम द्यावीत. त्यासाठी नवी जमीन लागत नाही.